दोन विमानतळांमधला वेळ सांगताय ना, मग पोचायचा खरा वेळ सांगा! विमान कंपन्या, तिकिटांची ॲप्स आणि नियम करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
विमान कंपन्या, तिकिटं विकणारी ॲप्स आणि वेबसाइट्स, दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ काढून देणारे कॅल्क्युलेटर बनवणारे, आणि देशोदेशीची नागरी विमान वाहतुकीची खाती,

नमस्कार,

दोन शहरांची नावं टाकली की तुमच्या स्क्रीनवर दोन आकडे येतात, एक किलोमीटरचा आणि एक वेळेचा. हा वेळेचा आकडा तुम्ही इतक्या ठामपणे लिहिता की समोरचा त्यावर विश्वास ठेवतोच, का नाही ठेवणार, विमानाचं काम आहे, मोजूनमापूनच लिहिलं असणार असं कुणालाही वाटेल. मग त्या आकड्यावर माणूस अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकतो, इंटरव्ह्यूची वेळ देतो, पुढची ट्रेन बुक करतो, घरच्यांना सांगतो संध्याकाळपर्यंत पोचतोय. आणि तो आकडा पोचायचा नसतोच. तो प्रवासाच्या मधल्या एका तुकड्याचा असतो, आणि तोसुद्धा बऱ्याचदा अंदाजाने काढलेला. तुम्हाला हे माहीत आहे, तुमच्याकडे वेळापत्रक लावणारी जी माणसं बसतात त्यांना तर मिनिटामिनिटाचा हिशोब माहीत असतो. माहीत असून दाखवत नाही, माझा आक्षेप एवढ्यावरच आहे.

माझा ह्यात काय संबंध ते सांगते. मी एका शहरात, आईबाबा आणि भाऊ दुसऱ्या शहरात, आणि मध्ये विमान सोडलं तर पटकन जायचा दुसरा मार्ग नाही. बाबांना हृदयाचा त्रास होऊन ॲडमिट केलं, ऑपरेशन लवकर करावं लागेल असं ठरलं आणि बाबा म्हणायला लागले की ताईशी बोलतो मग आत न्या. डॉक्टरांनी भावाला विचारलं, किती वेळात पोचतील त्या? भावाने तिथेच उभ्या उभ्या एका साइटवर दोन शहरं टाकली, एक तास पाच मिनिटं आलं, त्यात त्याने माझ्या घरापासून विमानतळाचा आणि तिकडून हॉस्पिटलचा वेळ आपल्या मनाने मिळवला आणि अडीच-तीन तास सांगितले. तेवढं थांबता येईल म्हणाले डॉक्टर. पण चेक-इन बंद व्हायची वेळ, विमान गेटवरून निघून रनवेच्या रांगेत उभं राहिलं तो वेळ, वर जाऊन मग उतरायची परवानगी नाही म्हणून घातलेल्या घिरट्या, उतरल्यावर गेट रिकामं नाही म्हणून परत थांबणं, आणि मग शहराच्या बाहेर असलेल्या विमानतळावरून आत येणं, ह्यातलं काहीच त्या एक तास पाच मिनिटांत नव्हतं. मी पोचले तेव्हा बाबांना आत नेलं होतं. डॉक्टरांनी योग्य तेच केलं आणि बाबा आज ठीक आहेत, म्हणून मी हे शांतपणे लिहू शकतेय. भावाचीही काही चूक नाही, त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं. पण हॉस्पिटलच्या प्रत्येक कॉरिडॉरमध्ये, रोज, कुणीतरी हेच दोन आकडे बघून कुणाला तरी शब्द देत असणार ही गोष्ट तेव्हापासून डोक्यातून जात नाही. त्यानंतर मी हे आकडे येतात कुठून ते वाचत गेले, आणि जे कळलं ते इथे मांडतेय.

सुरुवात कॅल्क्युलेटरवाल्यांपासून करते कारण तुमचा हिशोब सगळ्यात सोपा आहे. तुम्ही प्रत्येक विमानतळाला एक बिंदू समजता, पृथ्वी 6,371 किलोमीटर त्रिज्येचा गोल समजता, आणि त्या गोलावरून दोन बिंदूंमधली सगळ्यात छोटी रेषा काढता. इथपर्यंत तक्रार नाही. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तावर त्रिज्या 6,378 आणि ध्रुवाकडे 6,357, पण त्याने फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो, चालतंय. किलोमीटर, मैल आणि नॉटिकल मैल (विमानं-जहाजांसाठी वापरतात तो मोठा मैल) ह्यांची सरमिसळ मात्र चालत नाही. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके हे अंतर साधारण 5,540 किलोमीटर, म्हणजे जवळपास 3,440 मैल, म्हणजे जवळपास 2,990 नॉटिकल मैल. काही ठिकाणी नुसतं मैल लिहून सोडून देतात, कुठले मैल ते वाचणाऱ्याने ओळखायचं. पण खरा घोटाळा पुढे आहे. हे अंतर घेऊन तुम्ही त्याला ताशी 800 किंवा 850 किलोमीटरच्या वेगाने भागता, वर अर्धा तास टाकता, आणि उत्तराला प्रवासाचा वेळ म्हणता. त्यात वारा नाही, वळसा नाही, रांग नाही. आणि खाली कुठेही लिहिलेलं नसतं की आम्ही हे असं धरलंय.

विमान त्या वेगाने प्रवासाच्या मधल्या भागातच उडतं. बऱ्याच देशांत 10,000 फुटांच्या खाली 250 नॉट्सची मर्यादा आहे, म्हणजे ताशी साधारण 463 किलोमीटर. 35,000 फुटांवरून खाली यायचं तर उतरायला साधारण 100 नॉटिकल मैल आधी सुरुवात करावी लागते, म्हणजे 185 किलोमीटर आधी. आता विचार करा, जिथे दोन विमानतळांमधलं अंतरच 300 किलोमीटर आहे तिथे विमान तेवढ्या उंचीवर जाणारच नाही, चढलं न चढलं की उतरायला लागतं. तरी तुमचा कॅल्क्युलेटर त्याच वेगाने भागून मोकळा होतो. म्हणून 6,000 किलोमीटरच्या प्रवासात तुमची चूक फारशी जाणवत नाही पण 300-400 किलोमीटरच्या प्रवासात ती सगळ्यात जास्त असते, आणि नेमकं ह्याच छोट्या अंतरांना लोक आकडा बघून ठरवतात की विमानाने जावं का ट्रेनने का गाडीने. माद्रिद ते बार्सिलोना घ्या, 2008 मध्ये हायस्पीड लाइन पूर्ण झाली आणि ट्रेन साधारण अडीच तासांत पोचायला लागली. कागदावर विमान त्याच्या निम्म्या वेळात जातं. तरी लोक मोठ्या संख्येने ट्रेनकडे वळले, कारण शहराच्या मध्यातून बसून शहराच्या मध्यात उतरायला किती वेळ लागतो हे त्यांनी स्वतः जाऊन येऊन बघितलं. ज्यांना असं जाऊन येऊन बघायची संधी नाही, पहिल्यांदाच जायचंय आणि आजच जायचंय, त्यांच्याजवळ तुमचा आकडा सोडून काय आहे?

वाऱ्याचं तर तुम्ही नावही घेत नाही. लंडन-न्यूयॉर्क मार्गावर न्यूयॉर्कला जाताना साधारण आठ तास आणि येताना साधारण सात असं वेळापत्रक असतं, कारण तिथे वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, जेट स्ट्रीम. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळामुळे हा वारा इतका जोरात होता की ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. अंतर तेच, विमानतळ तेच. हिवाळ्यात हा वारा जास्त जोर धरतो आणि उन्हाळ्यात कमी, म्हणजे जानेवारीचा आणि जुलैचा आकडाही एक नाही. अंतर काढणाऱ्या साइटवर मात्र जायचा वेळ आणि यायचा वेळ सारखाच दिसतो. दोन ओळी लिहायला काय अडचण आहे, जाताना इतका, येताना इतका?

तसंच आकाशातले बंद रस्ते. 2022 मध्ये रशियाचं आकाश युरोपियन विमान कंपन्यांना बंद झालं तेव्हा हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास साधारण तेरा तासांवर गेला. दोन शहरं जागची हलली नाहीत, नकाशावर अंतर तेवढंच आहे, पण माणसाला साडेतीन तास जास्त बसावं लागतंय. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या फ्लाइट लांबल्या, काहींना मध्ये उतरून इंधन भरावं लागलं, आणि त्याच मार्गावरच्या परदेशी कंपन्यांना तो वळसा नव्हता. म्हणजे त्याच दोन विमानतळांमधला वेळ तुम्ही कुणाच्या विमानात बसता त्यावरही बदलतो. कंपन्यांनी आपलं वेळापत्रक बदललं हे मान्य, पण कॅल्क्युलेटर अजून त्या बंद आकाशातूनच सरळ रेष ओढत बसलेत, आणि सर्च केलं की सगळ्यात वर तेच येतात.

आता विमान कंपन्यांकडे येते. तुमच्या तिकिटावर जो वेळ असतो त्याला तुमच्यात ब्लॉक टाइम म्हणतात, विमान गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटला जाऊन थांबलं तिथपर्यंत. त्यात जमिनीवरचं फिरणं येतं, ते ठीकच आहे, ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर 2003 मध्ये सुरू झालेली पोल्डरबान नावाची धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की चाकं टेकल्यावर गेटपर्यंत यायलाच दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. पण ह्या ब्लॉक टाइममध्ये तुम्ही जादाची मिनिटं भरता, जेणेकरून विमान उशिरा निघालं तरी वेळेवर आलं असं दाखवता यावं. त्यात परत वेळेवर म्हणजे काय, तर अमेरिकेच्या सरकारी मोजणीत ठरलेल्या वेळेनंतर 15 मिनिटांच्या आत आलं तर ते वेळेवर धरतात. जादा मिनिटं ठेवूच नयेत असं माझं म्हणणं नाही, उलट प्रवाशाला थोडा जास्तीचा वेळ आधीच सांगितलेला बरा. पण मग उडण्याचे किती, जमिनीवरचे किती आणि सांभाळून घ्यायला ठेवलेले किती हे वेगवेगळं दाखवा ना. आज परिस्थिती अशी आहे की विमान वीस मिनिटं लवकर उतरतं, लोक टाळ्या वाजवायच्या बेतात असतात, आणि मग गेट मिळेपर्यंत सगळे सीटबेल्ट लावून बसून राहतात. ज्याला पुढची फ्लाइट पकडायचीय त्याला कळतच नाही की आपण लवकर आहोत का उशिरा.

आणि मग शहरांची नावं. इथे मला खरंच त्रास होतो कारण इथे नुसता वेळेचा अंदाज चुकत नाही, माणूस चुकीच्या ठिकाणी उतरतो. बोव्हेचं विमानतळ पॅरिसच्या नावाने विकलं जातं, ते पॅरिसपासून साधारण 85 किलोमीटरवर आहे. फ्रँकफर्ट-हान फ्रँकफर्ट शहरापासून साधारण 120 किलोमीटरवर. नारिता टोकियोच्या मध्यापासून 60 किलोमीटरपेक्षा जास्त, आणि त्याच टोकियोचं हानेदा साधारण 15 वर. तुमच्याकडे तर शहराचा एक सामाईक कोडच असतो, लंडनसाठी एलओएन, टोकियोसाठी टीवायओ, की सर्च करताना सगळे विमानतळ एकत्र यावेत. सोय म्हणून छान आहे. पण मग रिझल्टमध्ये दोन्ही फ्लाइट शेजारी शेजारी येतात, एक दहा मिनिटांनी जलद आणि थोडी स्वस्त, आणि कुठेही लिहिलेलं नाही की तिथून शहरात यायला तासभर जास्त लागेल. वर तुम्ही सगळ्यात जलद असा शिक्का त्याच फ्लाइटला मारता!

ह्याच्यापेक्षा वाईट म्हणजे विमानतळ बदलायची कनेक्शन. हीथ्रोला उतरायचं आणि गॅटविकहून पुढची पकडायची, मध्ये रस्त्याने 60-70 किलोमीटर, थेट ट्रेन नाही, आणि ट्रॅफिक ज्या दिवशी असेल त्या दिवशी असेल. न्यूयॉर्कला जेएफके ते न्यूअर्क म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. पॅरिसला शार्ल द गॉल एका टोकाला आणि ओर्ली दुसऱ्या. सेल्फ ट्रान्सफर असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचून एखाद्या वयस्कर बाईला कसं कळावं की आपल्याला बॅग घ्यायचीय, इमिग्रेशनमधून बाहेर पडायचंय, त्या देशाचा व्हिसा लागणार आहे, शहर ओलांडायचंय, परत चेक-इन करायचंय, आणि पहिली फ्लाइट लेट झाली तर दुसरं तिकीट बुडालं. स्क्रीनवर काय दिसतं, तर लेओव्हर, म्हणजे दोन फ्लाइटमधला थांबा, चार तास. चार तास म्हटल्यावर कुणालाही वाटतं निवांत बसता येईल.

दोन विमानतळांमधला वेळ दुर्लक्षित केला की काय होतं ह्याचं मोठं उदाहरण कॅनडातल्या मॉन्ट्रियलचं आहे, नियम करणाऱ्यांनी ते जरूर वाचावं. तिथे ऑक्टोबर 1975 मध्ये मिराबेल नावाचं प्रचंड विमानतळ उघडलं, शहरापासून साधारण 55 किलोमीटरवर. आंतरराष्ट्रीय फ्लाइट तिकडे नेल्या, देशांतर्गत आणि अमेरिकेच्या फ्लाइट जुन्या डोरव्हाल विमानतळावर राहिल्या. म्हणजे परदेशातून येऊन देशात पुढे जाणाऱ्याला मध्ये रस्त्याने एका विमानतळावरून दुसऱ्यावर जावं लागायचं. जलद रेल्वे आणि पूर्ण हायवे होणार होता, तो कधी झालाच नाही. लोकांनी काय केलं, मॉन्ट्रियल टाळून टोरांटोहून जायला सुरुवात केली. 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय फ्लाइट परत डोरव्हालला आणाव्या लागल्या, 2004 मध्ये मिराबेलची शेवटची प्रवासी फ्लाइट गेली, आणि 2014 मध्ये ते टर्मिनल पाडायला घेतलं. मिराबेल बुडायला आणखीही कारणं होती, पण प्रवाशाला दारापासून दारापर्यंत किती वेळ लागतो हा प्रश्न विमानतळ बांधताना मागे टाकला गेला हे त्यातलं मोठं कारण. आजही नवीन विमानतळ शहराबाहेर बांधतात तेव्हा उद्घाटनाच्या जाहिरातीत धावपट्टीची लांबी आणि प्रवासी क्षमता असते, तिथे पोचायचं कसं आणि किती वेळात हे शेवटच्या पानावर.

टाइम झोनबद्दल थोडक्यात. निघायची वेळ तिथली, पोचायची वेळ इथली, मध्ये किती तास गेले ते काढायला वजाबाकी करावी लागते आणि त्यात नेपाळसारखा जागतिक प्रमाणवेळेपासून (यूटीसी) पावणेसहा तासांचा फरक किंवा वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करणारे देश आले की चांगल्या चांगल्यांचा गोंधळ होतो. बहुतेक ॲप्स आता एकूण तास लिहितात, चांगलं आहे, पण तिकिटाच्या पीडीएफवर आणि मेसेजमध्ये तेच तास गायब असतात. तिथेही लिहा.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. आम्ही विमानतळ ते विमानतळ एवढंच सांगतो, पुढचं ज्याचं त्याने बघावं, कुणाचं घर कुठे ते आम्हाला काय ठाऊक. घराचं मी विचारतच नाहीये. चेक-इन किती आधी बंद होतं हे तुम्हीच ठरवता, कुठे 45 मिनिटं, कुठे 60. ह्या मार्गावर गेल्या वर्षभरात विमान खरोखर किती वाजता गेटला लागलं ह्याची नोंद रोज तुमच्याच सिस्टिममध्ये जाते. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या देशांतर्गत फ्लाइटची वेळेवर येण्याची आकडेवारी 1987 पासून सरकार गोळा करून छापतं, आणि 1995 पासून तर गेटवरून निघाली कधी, चाकं उचलली कधी, टेकली कधी, गेटला लागली कधी इतकं सगळं त्यात असतं, कुणीही उघडून बघू शकतं. म्हणजे करता येतं, तीस वर्षांपासून करतायत. मग ते तिकीट घेताना त्या माणसाच्या डोळ्यांसमोर का नाही?

भाड्याच्या बाबतीत तुम्ही आधी असंच म्हणत होता. मोठ्या अक्षरात छोटा आकडा, आणि टॅक्स, फी, सरचार्ज शेवटच्या पानावर. मग युरोपात 2008 च्या नियमाने आणि अमेरिकेत जानेवारी 2012 पासून सक्ती झाली की पहिल्यापासून पूर्ण किंमत दाखवा. काही बिघडलं नाही, कंपन्या चालू आहेत, तिकिटं विकली जातायत. वेळ हीसुद्धा आम्ही देतो ती किंमतच आहे, कामावरची रजा कापून, लेकरांना कुणाकडे तरी ठेवून, आजारी माणसाला थांबवून दिलेली. तिलाही तोच नियम लावा.

आणि पोचणं म्हणजे नक्की काय हा प्रश्नसुद्धा सुटलेला आहे. 2014 मध्ये युरोपियन न्यायालयापुढे एका उशिराच्या भरपाईच्या केसमध्ये हाच वाद होता, विमान कधी पोचलं म्हणायचं, चाकं टेकली तेव्हा का गेटला लागलं तेव्हा. न्यायालयाने सांगितलं की विमानाचा निदान एक दरवाजा उघडला आणि प्रवाशांना उतरायची मुभा मिळाली तो क्षण धरायचा, कारण तोपर्यंत माणूस बंद जागेत अडकलेला असतो, स्वतःची कामं करू शकत नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं. कुणीतरी प्रवाशाच्या बाजूने घड्याळ लावलं.

तर मागण्या अशा आहेत. ॲप्स आणि विमान कंपन्यांनी वेळेचा एकच आकडा न देता दोन द्यावेत, बहुतेक दिवशी दरवाजा किती वाजता उघडतो तो, आणि दहापैकी एखाद्या वाईट दिवशी किती वाजता उघडतो तो, गेल्या वर्षाच्या त्याच हंगामातल्या खऱ्या नोंदींवरून. त्याच्याच शेजारी चेक-इन बंद होण्याची वेळ, जी आज तिकीट काढल्यावर कुठेतरी नियमांत सापडते. विमानतळाच्या नावापुढे शहराच्या मध्यापासून किती किलोमीटर आणि सार्वजनिक वाहनाने साधारण किती वेळ हे लिहावं, रात्रीच्या फ्लाइटला रात्रीचा, कारण शेवटची ट्रेन गेल्यावर तो आकडा वेगळा असतो. विमानतळ बदलायचा असेल तर पैसे भरायच्या आधी पूर्ण स्क्रीनवर साध्या भाषेत सांगावं की तुम्हाला शहर ओलांडावं लागेल, बॅग घ्यावी लागेल, व्हिसा लागू शकतो, आणि प्रवाशाने हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये. सगळ्यात जलद हा शिक्का हे सगळं धरून मारावा, नाहीतर मारूच नये.

कॅल्क्युलेटरवाल्यांकडे मागणं छोटं आहे. सरळ रेषेतलं अंतर हे सरळ रेषेतलं अंतर आहे असं लिहा, कुठला मैल ते लिहा, वेग किती धरला ते लिहा, वारा धरलेला नाही ते लिहा, आणि खऱ्या वेळापत्रकातला जायचा आणि यायचा वेळ मिळत असेल तर तो वर टाका, तुमचा भागाकार खाली.

नियम करणाऱ्या खात्यांनी पोचण्याची व्याख्या दरवाजा उघडण्याची करावी, उडण्याची, जमिनीवरची आणि जादा ठेवलेली मिनिटं वेगवेगळी जाहीर करायला लावावीत, आणि आपल्या देशातल्या प्रत्येक मार्गाची ही आकडेवारी कुणालाही फुकट बघता येईल अशी ठेवावी. छोट्या कंपन्यांना तयारीला जास्त मुदत द्या हवी तर. आणि शहराबाहेर नवीन विमानतळाला परवानगी देताना आधी शहराच्या मध्यापर्यंत जायचा रस्ता किंवा रेल्वे चालू झाल्याची अट घाला, होणार आहे असं आश्वासन पुरेसं धरू नका.

तुमची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. सगळं एकदम करा असं म्हणत नाही. येत्या बदलाच्या वेळी प्रत्येकाने आपल्या सगळ्यात गर्दीच्या एका मार्गावर हे करून दाखवावं, आणि ह्यातल्या कुठल्या मागण्या मान्य आहेत, कुठल्या नाहीत आणि का नाहीत हे जाहीर लिहून कळवावं. मला वैयक्तिक उत्तर नको, सगळ्यांना वाचता येईल असं हवंय.

आपली,
एक प्रवासी